भाऊजी प्यायले ते शहाळं

फोन वाजला तेव्हा मी कुकर लावत होते. हॉस्पिटलचा नंबर होता. यांनी फोन घेतला, "हो... हो..." एवढंच म्हणाले आणि मटकन स्टुलावर बसले. माझे धाकटे दीर, अनिल भाऊजी, गेले होते. महिना झाला. मला रडू नंतर आलं. आधी आली ती भीती, आणि ती मेली अजून जात नाही.

भाऊजी ठाण्याला खोपटच्या डेपोत मेकॅनिक होते. लग्न केलं नाही आणि बीपीच्या गोळ्याही कधी वेळेवर घेतल्या नाहीत. चेहरा सुजायला लागला तेव्हा आम्ही चिडवायचो, "भाऊजी, अंग धरलंत हो!" किडन्या पार निकामी झाल्यावर कळलं. मग ते आमच्याकडे डोंबिवलीलाच राहायला आले. मंगळवार, गुरुवार, शनिवार कल्याणला डायलिसिस, चार-चार तास. एकदा मी म्हटलं, "किडनी म्हणजे गाळणीच ना?" तर हसले. "गाळणीला कुठे अक्कल असते, वहिनी? किडनीला रक्तातलं काय ठेवायचं नि काय सोडायचं ते कळतं. पाणी, मीठ, पोटॅशियम, जास्त झालं की लघवीवाटे बाहेर. माझ्यात आता सगळं साठून राहतं, मशीनला जोडेपर्यंत." सुया टोचायची हातावरची फुगलेली शीर त्यांनी मला हात लावून बघायला लावली. आत घरघर चालली होती. मी झटकन हात मागे घेतला. "इंजिन चालू आहे म्हणून घरघरतंय," म्हणाले, "बंद पडलं की घाबरा."

तो सोमवार होता. शनिवारनंतर थेट मंगळवार, म्हणून सोमवारी त्यांची हालत फार वाईट असायची. हे टिटवाळ्याला गेले होते. भाऊजी हॉलमधल्या कॉटवर पडून होते, ओठ सुकलेले, पाणी मोजून. खाली शहाळेवाला ओरडला आणि मी दोन जिने उतरून गेले. केळं नको, संत्रं नको, त्यात पोटॅशियम असतं, हे मला तोंडपाठ होतं हो! पण आजाऱ्याला शहाळं द्यायचं हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. ते कुपथ्य असेल असं मनातच आलं नाही.

पेला बघून ते म्हणाले, "वहिनी, हे..."

"प्या हो, अर्धाच पेला आहे. तोंड बघा कसं उतरलंय."

प्यायले. तहान अनावर झाली की माझं मन मोडवेना... देव जाणे.

संध्याकाळी त्यांचे पाय उचलेनात. हे परतले होते, तसेच हॉस्पिटलात नेलं. पोटॅशियम एवढं वाढलंय की हृदयाचा ठोका चुकतोय, असं डॉक्टर म्हणाले. "काय खाल्लं होतं?" मी तोंड उघडायच्या आत भाऊजी बोलले, "स्टेशनबाहेर शहाळं प्यायलो. राहवलं नाही." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हे कडाडले, "अन्या, गाढवा, जिभेवर ताबा नाही तुझा!" दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोन.

हृदय आधीच थकलेलं होतं, कदाचित असंही झालं असतं, असं डॉक्टर मागाहून म्हणाले. त्या 'कदाचित'ला धरून दिवस ढकलते, पण झोप लागत नाही.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगतात, "पथ्य मोडलं आणि गेला." आत मी पाण्याचे पेले भरत राहते.

कॉट अजून हलवलेली नाही. दर रविवारी हे तिच्यावर बसून पेपरची हीच पुरवणी वाचतात. समोर उभं राहून सांगायची हिंमत माझ्यात नाही, म्हणून इथे लिहितेय. अहो, भाऊजी त्या दिवशी घराबाहेर पडलेच नव्हते. शहाळं मी दिलं.