अहवालाचं गाववाचन

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यावर चिडलेलीच होते. दोनच दिवसांपूर्वी धुळ्याच्या दवाखान्यातून त्यांनी मला फोन केला होता. तब्येतीबद्दल चकार शब्द नाही. "अहवाल गावात वाचला का?" एवढंच. "नाना, आज शेवटची तारीख आहे," म्हणून मी फोन ठेवला... आणि अहवाल पाठवून दिला.

आमच्या विद्यापीठात आंतरराष्ट्रीय विकासकार्याचा अभ्यासक्रम आहे. शेवटच्या सत्रात मुलं एका गावात राहून प्रकल्प करतात आणि त्याचा अहवाल परदेशातल्या सहयोगी विद्यापीठाकडे जातो. हे सत्र नाना आणि मी मिळून शिकवायचो. मी तारखा सांभाळायचे, नाना त्या मोडायचे. अहवाल तिकडे जाण्याआधी गावात मोठ्याने वाचायचा, तोही तिथल्या बोलीत, अहिराणीत, आणि गावाने काढलेल्या चुका दुरुस्त करायच्या, हा त्यांचा हट्ट. त्यापायी दरवर्षी उशीर, दरवर्षी तिकडून खरमरीत पत्र, आणि माफी मागायला मी. या माणसाने मला अक्षरशः वात आणला होता.

एकदा दोंडाईचाजवळच्या गावात मुलांनी घरोघरी पाहणी केली. बहुतेक घरांत म्हातारी माणसंच सापडली. मुलांनी रुबाबात लिहिलं, 'मोठ्या प्रमाणावर स्थलांतर'. वाचनाला बसलेले एक आबा म्हणाले, "कसानं स्थलांतर, भाऊ? त्या दिन बजार व्हता. बठ्ठा दोंडाईचाले गयथात." मुलं नेमकी बाजाराच्या दिवशी घरोघरी फिरली होती; सगळं गाव हसलं. मला मात्र हुकलेली तारीख दिसत होती. परतताना गाडीत मी नानांना नको नको ते बोलले. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "उशिराची माफी मागता येते, मॅडम. असल्या चुकीची कुणाकडे मागणार होतो?"

यंदाचा अहवाल वेळेत पोचला. तिकडून कौतुकाचं पत्र आलं. ते मी कुणालाच दाखवलं नाही. फोन तसा ठेवायला नको होता, हे डोक्यातून जात नव्हतं, आणि धड आनंदही होऊ देत नाहीत म्हणून नानांचाच राग येत होता.

मागच्या आठवड्यात यंदाच्या प्रकल्पाच्या गावी गेले, पारोळ्याच्या अलीकडे. बचत गटाच्या अक्कांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "नाना गयात, समजनं. पन वाचाले कोनीच उनं नही. काय लिखं शे आमनाबद्दल?"

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसले, मोबाइलमध्ये अहवाल उघडला आणि माझ्या कच्च्या अहिराणीत अडखळत वाचू लागले. बाया जमल्या. दुसऱ्याच पानावर अक्कांनी मला थांबवून पहिली चूक दाखवली.