जाळ्याच्या कडेची चिंधी

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीनंतर सुटलं. वाचणाऱ्यानं माफ करावं. लिहायला बसले, कारण तेरवीच्या पंगतीत भासरे, म्हणजे आमच्या घरच्यांचे मोठे भाऊ, सगळ्यांना सांगत होते की हे चोरून खर्रा, आमच्याकडचा तंबाखू-सुपारीचा घोटा, खाऊन मेले. सांगताना त्यांच्या स्वतःच्या गालात खर्रा होता.

खर्र्यानंच यांना तोंडाचा कॅन्सर झाला होता, ते खोटं नाही. नागपूरला जबड्याला आणि मानेला रेडिएशनचा शेक द्यायचं ठरलं. त्याआधी डॉक्टरांनी सगळे दात काढले. भासऱ्यांनी तेव्हा उसने पैसे दिले, आणि यांच्या तोंडात डोकावायचा हक्कच त्यांना मिळाला. कुठंही भेटले की, चारचौघांत, खर्रा आहे का बघू, जबडा उघड म्हणायचे. हे हसून उघडायचे. मला मात्र तेव्हापासून त्या माणसाची किळस आहे.

आमचा धंदा तलावातल्या मासोळीचा. जाळं फेकताना त्याची कड दातात धरावी लागते, तेव्हा ते गोल पसरतं. दात नसलेल्यानं काय करावं? यांच्याच जुन्या धोतराची पांढरी चिंधी मी कडेला गुंडाळून शिवली. ती हिरड्यांत धरून हे कितीतरी वर्षं जाळं फेकत राहिले. शेकानं लाळ सुकली होती, भाताचा घास पाण्याशिवाय उतरत नव्हता... पण जाळं गोल पडायचं.

मागच्या वर्षी एका सकाळी जाळं गोळा होऊन पाण्यात पडलं. उजवा हात लुळा झाला होता. "हात आयकून नाही राहिला माया," एवढंच जड जिभेनं बोलले. थोड्या वेळानं हात परत आला. मग तसं अधूनमधून होऊ लागलं, कधी एका डोळ्यापुढं अंधारी यायची. तलावाच्या पाळीवर, बांधावर, उभे लोक हसले. भासरे म्हणाले, "दात गेले, पण लत नाही गेली. खर्रा चढला असन."

यांना नागपूरला न्या, असं मी जाऊबाईकडून सांगून पाठवलं. आमच्याकडे सून भासऱ्याशी थेट बोलत नाही. उत्तर आलं की, माझे पैसे एकदा खर्र्यात गेले, आता नाही. ते ऐकून हेही जायचं टाळत राहिले.

शेवटी अर्धं अंगच गेलं. डॉक्टरांनी मानेची सोनोग्राफी केली आणि भासऱ्यांच्या समोर सांगितलं, डोक्याला रक्त नेणारी मानेतली नळी चोंदली आहे. शेकानं कॅन्सर मेला, पण त्याच शेकानं ही नळीही आतून जाड आणि अरुंद होत गेली. हे फार वर्षांनी दिसतं. हात लुळा पडायचा तेव्हाच मान तपासायला पाहिजे होती. भासरे भिंतीकडं बघत होते, पण ऐकलं त्यांनी सगळं. आणि तेरवीला परत खर्राच... असल्या माणसाला अडाणी म्हणता येत नाही. अडाणी मी आहे, आणि मला एकदा सांगितलेलं कळलं.

परवा ते जाळं मागायला आले. फिटायच्या उरलेल्या पैशात वळतं करून घेतो म्हणाले. जाळं खुंटीवरच होतं. मी चिंधी बघितली. तलावाच्या गाळानं मळली आहे, हिरड्यांच्या दाबानं मधे चेपली आहे, पण खर्र्याचा डाग तिच्यावर कुठंच नाही. रोज ज्या तोंडात ती होती, त्या तोंडाची साक्ष आणखी कोण देणार?

अड्याळच्या बाजारात सुके झिंगे विकून ठेवलेले पैसे मी डब्यातून काढले आणि लग्नानंतर पहिल्यांदा भासऱ्यांपुढं तोंड उघडलं.

"मोजून घ्या, भाऊजी. जाळं इथंच राहीन."

काही नोटा परत करायचा मोठेपणा त्यांनी करून बघितला. मी पदरातून हात काढला नाही. मग ते अंगठा जिभेला लावून मोजत बसले. नोटेनोटेवर खर्र्याच्या थुंकीचा तपकिरी ठसा उमटत गेला. शेवटची नोट मोजली, आणि त्यांचे पैसे पूर्ण फिटले.