वेल्माची खुर्ची

हे मी लिहिणारच नव्हते. खरंच, दोनदा सगळं पुसून टाकलं. अर्लीन फ्लुएलन आमच्याच चर्चमधली, आणि आमच्या छोट्याशा ग्रीनवुडमध्ये एकीची गोष्ट दुसरीच्या तोंडी गेली की झालंच! पण तीच म्हणाली, लिही गं.

तर अर्लीन. वय एकसष्ट, सगळा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात गेलेला. डाव्या पायाच्या शिरा बंद होत चालल्या होत्या. डॉक्टरने तोंडावर सांगितलं, सिगारेट सुटल्याशिवाय ऑपरेशन नाही, आणि ऑपरेशन नाही तर पाय नाही.

ती आणि नवरा होरेस एकाच दिवशी चर्चच्या तळघरातल्या सिगारेट सोडायच्या वर्गात बसले. दंडावर त्याच निकोटिनच्या पट्ट्या. होरेस दिवसाला दीड पाकीट ओढायचा, ती जेमतेम आठ सिगारेटी. तीन आठवड्यांत होरेस मोकळा! वर्गातल्या बहुतेक पुरुषांची सुटली, बायकांमध्ये एकीचीच.

"मला जमतं नि तुला नाही? तू तर चिमणीच्या घासाएवढी ओढायचीस!"

"तुझं वेगळं आहे, होरेस." का वेगळं, ते ती सांगायची नाही.

चार वाजता मागच्या व्हरांड्यात वेल्मा यायची ना. तिची थोरली बहीण. दोघी एकाच स्वयंपाकघरात राबायच्या, चारला या व्हरांड्यातल्या दोन झुलत्या खुर्च्यांवर बसून मेंथॉलच्या सिगारेटी ओढायच्या. वेल्माला जाऊन दोन वर्षं झालेली. तरी चारला डावीकडची खुर्ची हलायला लागायची. वारा नाही, काही नाही. मेंथॉलचा गार वास यायचा. अर्लीनने एक शिलगावली की खुर्ची गप्प. नाही शिलगावली तर हलतच राहायची, हलतच राहायची.

टोमणे नकोत म्हणून तिने होरेसला सुटली असं सांगून टाकलं. अशात एका रविवारी चर्चमध्ये साक्षीच्या वेळी, देवाने आपलं काय भलं केलं ते सगळ्यांसमोर सांगतात तेव्हा, होरेस उठला. "देवाने मला सोडवलं! मला आणि माझ्या बायकोलाही!" अख्खं चर्च टाळ्या वाजवत उभं. अर्लीन दाराशी, लोकांना जागा दाखवायचं काम तिचं, पांढऱ्या हातमोज्यात पिवळी बोटं. देवासमोरची साक्ष कोण मागे घेणार? सुटलीच म्हटल्यावर तिचा वर्ग बंद झाला. कशी आहेस, हेही कोणी विचारेना. ती आणखीच लपून ओढायला लागली, आणि खुर्ची तीनलाच हलायला लागली. मग दोनला.

पुढच्या रविवारी तीच उभी राहिली.

"माझी सुटलेली नाही. होरेसला माहीत नव्हतं. माझी बहीण रोज येऊन बसते. मी ओढली नाही तर ती एकटी पडते."

सगळ्यांच्या हातातले पंखे थांबले. मग चर्चमधली सगळ्यांत वडीलधारी, नव्वदीची मदर पिंकस्टन म्हणाली, "उद्या येते मी, बेबी."

आली. डावीकडच्या खुर्चीत टेकली आणि चटकन उठली. "अगं बाई, ही तर गरम आहे!" दारात होरेसचा चेहरा उतरला, त्यालाही वास आला होता. म्हातारीने काठी आपटली. "सरक, वेल्मा. गुडघे दुखतात माझे." आणि बसली ती बसलीच. त्या दिवशी अर्लीनने सिगारेट ओढली नाही.

तेव्हापासून रोज कोणीतरी बाई जाते. सोळा दिवस झाले. एकदाच मी दहा मिनिटं उशिरा पोचले, तर अ‍ॅशट्रेमध्ये एक थोटूक होतं, ताजं, त्याला केशरी लिपस्टिक. अर्लीन रडत होती, मी नाही गं, मी नाही. तिच्या ओठांना कधीच रंग नसतो. वेल्माच्या असायचा.

ऑपरेशन होणार की नाही ते ठरवणारी डॉक्टरकडची तपासणी पुढच्या शनिवारी. आणि त्याच आठवड्यात चर्चच्या सगळ्या बायका अधिवेशनाला जॅक्सनला चालल्यात, माझी परीक्षा, मदर पिंकस्टन अंथरुणाला. होरेस बसतो हो, बिचारा मनापासून बसतो. पण त्याच्याखाली खुर्ची थांबत नाही.

मंगळवार ते शुक्रवार कोणीच नाही. ग्रीनवुडजवळ राहणाऱ्या बायकांनो, प्लीज जा तिला भेटायला. बोलायला काही सुचलं नाही तरी चालेल. फक्त दोन वाजायच्या आत जा.