लहानू ‘या’ म्हणायला शिकतो

तिसरी घंटा झाली असं समजा. पडदा वर जातो आणि समोर उभी राहते गंगापूर रोडमागच्या गावठाणातली गल्ली. डावीकडे उंच नवी इमारत, उजवीकडे काचेचं कॉफीचं दुकान आणि मधोमध अंग चोरून बसलेलं लहानूचं पत्र्याचं दुकान. दारात बांबू, मडकी, पांढरं कापड. अंत्यविधीचं सामान.

या धंद्याची एक रीत. गिऱ्हाइकाला ‘या’ म्हणायचं नाही, ‘पुन्हा या’ तर नाहीच नाही. लहानूच्या बापानं ती पाळली, लहानूनंही. त्याच्या पायरीवर कधी कोणी टेकलं नाही. चार घरं पलीकडची भागुबाई तेवढी थांबून दोन शब्द बोलायची, थट्टा करायची.

मग इमारतीतल्या निकिता मॅडम आल्या. बाई भली. गटार झाकून घेतलं, दिवे लावून घेतले आणि लहानूला म्हणाल्या, “काका, मुलं शाळेच्या बसला इथेच थांबतात. मडकी आत ठेवा, पुढे फुलं मांडा. नाहीतर सोसायटीवाले दुकानच हटवा म्हणतायत. मी एकटी किती भांडू?”

पुढे गुलाब आले, निशिगंध आला. गिऱ्हाईक पायरीवर बसू लागलं. लहानूच्या बायकोला, वत्सलाबाईला, हळदीकुंकवाचं बोलावणं आलं, लग्नानंतर पहिल्यांदा. ती हरखली. लहानूची मात्र जीभ अडायची.

“हसून म्हणा काका, पुन्हा या!”

“तोंडातून निघत नाय, मॅडम.”

“अहो, गुलाब नेतायत लोक, सरण नाही!” आतून वत्सलाबाई.

महिनाभरात जमलं. इतकं जमलं, की मॅडमनी टाळ्या वाजवल्या.

आणि एका सकाळी भागुबाईचा मुलगा सुनील, बाहेरगावाहून रात्रीच आलेला, गुलाबांपुढे येऊन उभा राहिला. चेहरा उतरलेला.

“काका, दुकान बंद केलं का? मडकी दिसंनात, दोनदा पुढं जाऊन आलो.”

“हाय की आत. कुणासाठी रं?”

“आई गेली पहाटे.”

 लहानूनं बांबू काढले, कापड काढलं, मडकं सुनीलच्या हाती दिलं. आणि शिकवलेली जीभ आपसूक चालली, “पुन्हा या हं!”

 गुलाब निवडणाऱ्या बाईंचा हात तसाच राहिला. वत्सलाबाईनं तोंडाला पदर लावला.  सुनील रडता रडता हसला.

“आई असती ना काका, वर्षभर चिडवलं असतं तिनं तुम्हाला यावरून. चला आता. तिथं कुणाला तिरडी बांधता येत नाय.”

लहानूनं बांबू खांद्यावर घेतले. असल्या कामाला निघताना तो ‘येतो’ म्हणत नसे, कधीच नाही. पण गुलाब घ्यायला आलेल्या बाई अजून खोळंबल्या होत्या, त्याच्याकडेच बघत. तो पायरीवर अडला. एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा सुनीलकडे, मग बायकोकडे वळला.

“वत्सला, यांना गुलाब दे. आणि मी... येतो म्हणू का गं? का नको?”