अक्कांच्या गुडघ्याला आता रजा द्या

सगळ्यात आधी आले सरपंच, चहा व्हायच्या आत निलंग्याचे पाहुणे, आणि चपला काढायला जागा उरली नाही तेव्हा नांदेडची सत्कार समिती. ऑलिम्पिकात धावण्याचं सोनं आणणाऱ्या आमच्या अक्का, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, पंचाहत्तरीच्या झाल्या ना! मला लई आनंद आहे. पण दारात माणूस दिसलं की अक्का भिंतीला धरून उठतात, ते बघूनच जीव दमतो.

मी या घरात नवरी होऊन आले, तेव्हा अक्का पहाटे रानातल्या वाटेनं पळायच्या. सासूबाईंची एकच अट. "पळ, पण जोडवी काढायची न्हाईत." अक्कांनी ती पाळली. जोडव्यांभोवती चिंधी गुंडाळून खिळ्यांचे बूट चढवले आणि राज्याची शर्यत जिंकून आल्या. घरी बूट काढले तर बोटं सोललेली. सासूबाईंनी स्वतः पाय धुतले, जोडवी उतरवून देवापुढं ठेवली आणि म्हणाल्या, "कपाळाला कुंकू हाय की. पळ आता." सोनं आलं ते त्याच्यानंतर.

एवढं नाव झालं तरी अक्का घरच्याच राहिल्या. माझ्या थोरल्याच्या वेळी सुईणीला बोलवायला पळाल्या, आणि ती पोचायच्या आधी परत येऊन चुलीवर पाणी ठेवून मोकळ्या! गावच्या पोरींना त्यांनीच पळायला शिकवलं. एखादीचा बाप नको म्हणाला तर त्याच्या ओट्यावर जाऊन बसायच्या, तो हाव म्हणेस्तोवर उठायच्या नाहीत. स्वतःसाठी मात्र कधी कुणापुढं बसल्या नाहीत.

समितीवाले म्हणाले, "अक्का, मशाल घेऊन मैदानाला एक फेरी मारा."

डॉक्टरांनी गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय, ते दर सत्कारापायी पुढं ढकललं जातंय. तरी अक्का म्हणाल्या, "बघू की."

माझ्यानं राहवलं नाही. "भाऊ, फेरी तुम्हीच मारा. अक्का खुर्चीवरून बघतील, कोण दमतंय ते!"

सगळे हसले. अक्काही हसल्या, पण गुडघ्यावरचा हात तसाच. पाहुणे वळल्यावर हळूच म्हणाल्या, "धाकटे, माझी दवाखान्याची पिशवी भर गं."

माहूरच्या रेणुकामाईनं अक्कांना उदंड आयुष्य द्यावं, आणि त्यात बिनदुखीचं उठणं-बसणं द्यावं. समितीवाले फेरीचं पक्कं करायला गुरुवारी येतो म्हणून गेलेत. आम्ही दोघी बुधवारीच लातूरच्या दवाखान्यात चाललोय.