लिलाधरच्या ग्लासात काय होतं

साकोलीहून नागझिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक रिसॉर्ट आहे. तिथल्या बारच्या काउंटरमागे लिलाधर नागपुरे उभा असतो. ढिवराच्या घरचा माणूस. बाप आसाराम जन्मभर गावच्या तलावात जाळं टाकत आला, मोठा भाऊ अजूनही टाकतो. लिलाधर मात्र तरुणपणी गोव्याला हॉटेलात कामाला गेला, ग्लास धुता धुता काउंटरपर्यंत पोचला आणि लग्न झाल्यावर ती कला घेऊन गावाकडे परतला.

रिसॉर्टचा मालक बाबुलाल त्याला म्हणाला, "असा काही माल बनव लिलाधर, का पब्लिक नागपूरले जाऊन नाव काढन."

लिलाधरनं आपल्या झाडीपट्टीच्या नावानं 'झाडी तुफान' बनवलं. व्होडका, जिन, पांढरी रम, टकीला, संत्र्याची गोड लिकर, लिंबू, साखरेचा पाक आणि वरून थोडा कोला. उंच ग्लास, भरपूर बर्फ, कडेला संत्र्याची फोड. दिसायला सरबत आणि चवीलाही सरबतच. दारूचा चटका जिभेला कळायचाच नाही, याचाच त्याला अभिमान होता. शिवाय प्रत्येक ग्लास आधी नळीनं चाखून बघायची सवय. एक घोट, मन भरलं नाही तर दुसरा.

थंडीच्या दिवसांत एका दुपारी भंडाऱ्याहून मित्रांची टोळी आली. त्यातला प्रविण मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवायचा आणि सध्या वजन उतरवायच्या मागे लागला होता.

"भात बंद केला भाऊ, पोळी बंद," तो काउंटरवर कोपर टेकवून सांगू लागला. "सकाळपासून काळ्या चहावर आहो. दारूत फॅट तर नसते ना?"

"नाही जी," लिलाधर म्हणाला. "उलट लिंबू आहे, संत्रं आहे. व्हिटॅमिनच समजा."

हे तो सगळ्यांनाच सांगायचा, आणि ते त्याला खरंही वाटायचं.

मित्रांनी तळलेले मासे मागवले. प्रविणनं ताटाला हात लावला नाही. एक तुफान संपवलं, लगेच दुसरं. तास-दीड तासानं त्याच्या कपाळावर घाम आला. हात थरथरू लागले, बोलणं तुटक झालं, आणि उठायला गेला तो दोन खुर्च्यांच्या मधे कोसळला. मित्र हसले, "चढली याले!" लिलाधरनं दारू चढलेली माणसं पुष्कळ पाहिली होती. त्यानं प्रविणच्या मानेला हात लावला. अंग गार आणि ओलंचिंब. हे काही वेगळं आहे, एवढं त्याला कळलं. त्यानं प्रविणला कुशीवर वळवलं, बाबुलालची गाडी काढायला लावली आणि स्वतः सोबत साकोलीच्या दवाखान्यात गेला.

डॉक्टरबाईंनी बोटातून थेंब काढून साखर तपासली आणि लगेच सलाइनमधून ग्लुकोज सुरू केलं. मग विचारलं, "काय प्यायला होता?"

लिलाधरनं सगळं सांगितलं. बाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. "म्हणजे एका ग्लासात चार-पाच पेग. दोन ग्लासांत आठ-दहा. तेही उपाशीपोटी."

लिलाधर चमकला. माप त्यानंच ओतलं होतं, पण तो ग्लास मोजायचा, पेग कधी मोजले नव्हते. प्रविण डोळे उघडून पाणी मागू लागला, तसा लिलाधरचा जीव भांड्यात पडला. पण त्याच्या डोक्यात एक गोष्ट अडकून बसली होती.

"मॅडम, त्याच्यात पाक होता, कोला होता. मंग याची साखर कमी काहून झाली?"

बाईंना प्रश्न आवडला. त्या म्हणाल्या, "पोट रिकामं असतं तेव्हा लिव्हर रक्तात साखर सोडत राहतं. दारू आली की ते आधी दारूच्या मागे लागतं, साखरेचं काम मागे पडतं. यानं भात-पोळी सोडलेली, त्यामुळे साठाही कमी. वरची गोडी आली तशी उतरली."

"आंघोळ घातली, कॉफी पाजली, तर लवकर उतरते ना?"

"नाही. लिव्हर आपल्याच चालीनं काम करतं. त्याला घाई करता येत नाही."

साखर पुन्हा तपासून बाईंनी सोडलं, तसा प्रविण संध्याकाळी मित्रांबरोबर भंडाऱ्याला परत गेला. लिलाधर घरी आला तो तुफानाचंच बोलत. त्याची बायको ज्योत्सना अंगणवाडी सेविका आहे. लेकरांची वजनं करणं आणि आयांना आहार समजावणं हे तिचं रोजचं काम. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याच्यात प्रोटीन किती?"

"प्रोटीन कुठलं?"

"मंग लोह? कॅल्शियम?"

लिलाधरनं एकेक सामान आठवलं. "लिंबाचा रस आहे ना."

"चमचाभर?" ती हसली. "तुमी काय पाजून राहिले लोकायले?"

दोघांनी फोनवर शोधून हिशेब मांडला. दारूतल्या अल्कोहोलात ग्रॅममागे जवळजवळ तेलातुपाइतकी ऊर्जा असते, हे वाचून लिलाधरनं दोनदा खात्री केली. दारू, लिकर, पाक, कोला सगळं धरून एका तुफानात पाचशेच्या आसपास कॅलरी निघाल्या.

"म्हणजे अडीच वाट्या भात," ज्योत्सना म्हणाली. "त्या बिचाऱ्यानं भात सोडला आणि तोच ग्लासातून पिऊन घेतला. भातानं पोट तरी भरलं असतं."

आणि मग, जेवायला वाढता वाढता, तिनं अगदी सहज विचारलं, "तुमी दिवसभर चाखता ते कोण मोजते?"

त्या प्रश्नामुळे लिलाधर पुढच्या आठवड्यात पुन्हा दवाखान्यात गेला, या वेळी स्वतःसाठी. रक्तातली चरबी वाढलेली निघाली, सोनोग्राफीत लिव्हरवरही चरबी दिसली. तो घाबरला, पण घाबरतानाही विचारत राहिला. मी तेलकट खात नाही, मग चरबी आली कुठून? पहाटे तोंड कोरडं पडून जाग काहून येते? बाईंनी सांगितलं की लिव्हर दारू जाळण्यात गुंतलं की चरबी जाळायची राहून जाते आणि तिथेच साठते. दारू शरीरातलं पाणी बाहेर काढते. झोप लवकर लागते पण मधेच तुटते. वेळीच थांबलं तर हे लिव्हर बहुतेक सुधारतं, हेही त्यांनी सांगितलं.

लिलाधरनं घोट घेणं बंद केलं. आता तो थेंबभर नळीतून मनगटावर सोडतो आणि जिभेच्या टोकाला लावून चव ओळखतो. बाबुलालशी मात्र त्याचं वाजलं. लिलाधर तुफानात दोनच प्रकारची दारू घालायचं म्हणत होता, आधी जेवण आणि मगच ग्लास.

"तू बार चालवून राहिला का दवाखाना?" बाबुलाल भडकला.

"दादा, तो पोरगा आपल्या फरशीवर मेला असता तर?"

बाबुलाल दोन दिवस घुश्शात राहिला, मग म्हणाला, "कर तुले पटते तसं. पण चव बिघडवू नको."

चव थोडी बिघडलीच. जुनी गिऱ्हाइकं कुरकुर करतात. काही जण लिलाधरच्या सांगण्यावर हसतात आणि दुसऱ्या बारला जातात. काही जण मात्र ग्लास खाली ठेवून विचारतात, एवढ्या कॅलरी, खरंच? मग लिलाधरला बोलायला जोर चढतो आणि मागच्या ऑर्डरी तशाच पडून राहतात.

पावसाळ्याआधी त्याची पुन्हा तपासणी झाली. रक्तातली चरबी उतरली होती, लिव्हर अजून पूर्ण साफ नव्हतं. पण झोप आता मधेच तुटत नाही, सकाळी लवकर ताजातवाना उठतो. उठल्यावर करायला काही नसतं म्हणून तो भावाबरोबर तलावावर जाऊ लागला आहे. जाळं ओढून ओढून दंड दुखतात, आणि दुपारी काउंटरवर उभा राहून तो बाबुलालला तेच दंड कौतुकानं दाखवतो.