छिन उस्ताद आणि पट्ट्याची टिणटिण

चीनमधल्या नदीकाठच्या फूलिंग शहरातल्या टॅक्सीवाल्यांत छिन क्वांगथाईइतका हट्टी माणूस दुसरा नव्हता, आणि ही गोष्ट तो स्वतःच छाती पुढे काढून सांगायचा. तरुणपणी त्याने वूलोंगच्या घाटातून खडीचे ट्रक हाकले होते. त्या ट्रकांची दारं काथ्याने बांधलेली, ब्रेक लागले तर लागले, आणि पट्टा म्हणाल तर एकच, छिनच्या विजारीचा. "मुके होते बिचारे," तो म्हणायचा, "पण गुणी होते. माणसाला अक्कल शिकवायला जात नव्हते."

पुढे घाट सुटला, टॅक्सी आली, आणि टॅक्सीबरोबर ती टिणटिण आली. पट्टा न लावता गाडी हलली, किंवा चालू गाडीत पट्टा काढला, की ती सुरू व्हायची. आधी हळू, विनवणी केल्यासारखी. मग जरा घाईने. आणि तरीही ऐकलं नाही की एकदम भांडायला उठल्यासारखी, श्वास न घेता. छिनला ती पहिल्या दिवसापासून डोक्यात गेली. कारण असली एक टिणटिण त्याच्या घरी आधीपासूनच होती.

सूछ्युंग, त्याची बायको, लोणच्याच्या कारखान्यात जन्मभर यंत्रांच्या खडखडाटावर आवाज चढवून बोललेली. आवाज बारीक, वरच्या पट्टीतला; गल्लीच्या खालच्या टोकाला उभी राहून ती वरच्या टोकाला उभ्या नवऱ्याला घाम पुसायला सांगू शकायची. त्या मुलखात बायकोचं ऐकणाऱ्या नवऱ्याला 'मऊ कानाचा' म्हणतात, आणि मऊ कानाची माणसं फूलिंगमध्ये पायरी-पायरीला भेटतात. छिन मात्र म्हणायचा, "माझे कान दगडी. घरात नाही ऐकलं, ते गाडीचं ऐकू?"

गाडीचं तोंड बंद करायला त्याने सुट्या भागांच्या गल्लीतून एक जीभ आणली. जीभ म्हणजे पट्ट्याच्या टोकाचा तो पत्रा, पण नुसताच, मागे पट्टा नसलेला. तो खाचेत खुपसला की गाडीला वाटतं, माणूस बांधला गेला, आणि ती गप्प बसते. समोरचा लाल दिवासुद्धा डोळ्यांत खुपायला नको म्हणून त्यावर त्याने काळी चिकटपट्टी लावून टाकली. चौकात पोलीस दिसला की खरा पट्टा उपरण्यासारखा छातीवर ओढून धरायचा. चौक संपला की सोडून द्यायचा. अशी बरीच वर्षं सुखात गेली.

घात केला तो लोणच्याने. सूछ्युंगने नदीपलीकडच्या बहिणीसाठी मोहरीच्या जातीच्या गाठाळ भाजीचं लोणचं घालून भलीमोठी बरणी भरली आणि छिनला ती पोचवायला सांगितली. त्याने ती शेजारच्या आसनावर ठेवली. बरणी इतकी जड, की गाडीने तिला माणूसच धरलं आणि टिणटिण सुरू केली. बनावट जीभ तर एकच, ती छिनच्या बाजूला गुंतलेली. मग त्याने शेजारचा खरा पट्टा ओढला आणि बरणीच्या पोटावरून नीट बांधून टाकला.

भाजीबाजाराच्या चढावर गाड्या तुंबल्या होत्या. तिथे पाठीवर करंडा घेतलेली सूछ्युंग नेमकी त्याच्या खिडकीशी येऊन उभी राहिली.

"हे कोण बसलंय रे तुझ्या शेजारी?"

"कोण म्हणजे? तुझंच लोणचं."

"त्याला पट्टा?"

"मग? वळणावर कलंडलं आणि फुटलं तर तूच माझा जीव घेशील."

"आणि तू कलंडलास तर?"

"मी काय बरणी आहे?"

"असतास तर बरं झालं असतं! बरणीच्या डोक्यात निदान काहीतरी भरलेलं असतं."

शेजारच्या भाजीवाल्या खदखदून हसल्या. एकीने तर बरणीकडे बघून हात जोडले आणि "प्रवास सुखाचा होवो, ताई," म्हटलं. सूछ्युंगने खिडकीतून हात घातला, खाचेतली जीभ उपटली आणि करंड्यात टाकली. एवढ्यावर ती थांबली नाही. सुट्या भागांच्या गल्लीतली दुकानदारीण कारखान्यातली तिची जुनी मैत्रीण. "माझ्या नवऱ्याला जीभ विकलीस," तिने बजावलं, "तर माझ्या घरचं लोणचं तुला बंद." सूछ्युंगच्या लोणच्याला गल्लीत पर्याय नव्हता. त्यामुळे छिनला जीभ मिळेना.

दुसरा कोणी असता तर त्याने पट्टा लावला असता. छिनने जाहीर केलं, "आता चोरून नाही, समोरासमोर. ती वाजते तेवढं वाजू दे. बघू कोण आधी दमतंय."

आणि तो खरंच टिणटिण ऐकत टॅक्सी चालवू लागला. गिऱ्हाईकं वैतागायची. काही पुढच्याच कोपऱ्यावर उतरून जायची. छिन दात आवळून वळणं घ्यायचा. सकाळी नूडल्सच्या टपरीवर, मिरचीच्या तेलात बुडालेल्या वाटीसमोर बसून, तो दोस्तांना युद्धाची हालहवाल सांगायचा. त्याचा जुना दोस्त हौ, तोही टॅक्सीवाला, पण मुकाट्याने पट्टा लावणारा आणि घरीही मऊ कानाचा म्हणून नावाजलेला. तो म्हणायचा, "दादा, क्षणाचं काम आहे रे. खट् केलं की झालं."

"खट् तू कर. तुला सवय आहे."

असा तो हिवाळा गेला. मग टिणटिण हळूहळू मवाळ होऊ लागली. आधी ती लांबून आल्यासारखी वाटायची. मग कधी यायची, कधी नाही. आणि उन्हाळ्याच्या तोंडावर एके दिवशी छिनच्या लक्षात आलं, की ती बंदच पडली आहे. तो पुलावरून गेला, घाटावरून आला, मुद्दाम बसस्थानकाला वळसा घातला. शांतता.

टपरीवर त्या दिवशी त्याने सगळ्यांच्या वाटीत एकेक अंडं घालायला सांगितलं. "दमली!" तो म्हणाला. "यंत्र असलं म्हणून काय झालं, समोर माणूस कोण आहे ते त्यालाही कळतं."

"वायर तुटली असेल," हौ म्हणाला.

"मत्सर करू नकोस."

कौतुक म्हणजे घरातही तेच झालं होतं. सूछ्युंग निवळली होती. पूर्वी जिन्यावर पाऊल पडलं की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. आता ती भाजी निवडत बसलेली असायची, ओठ हलायचे, पण सूर कसा मंद, कानाला त्रास न देणारा. छिनला वाटलं, वय झालं, समजूत आली. तोही मग मोठ्या मनाने मान डोलवायचा, हसायचा. एकदा तर बाजारातून तिच्यासाठी, कोणी न सांगता, खजुराच्या वड्या घेऊन गेला. सूछ्युंगने त्या पुडक्याकडे आणि मग त्याच्याकडे असं पाहिलं, की लग्नानंतर पहिल्यांदाच तो लाजला.

गिऱ्हाईकांचं मात्र काहीतरी बिनसलं होतं. लोक बसले की कपाळाला आठ्या घालायचे. एक म्हातारी म्हणाली, "उस्ताद, तुमची गाडी रडतेय हो." छिनला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलंय. एकदा संध्याकाळी नदीकाठी जमून नाचणाऱ्यांतल्या तीन बायका मागे बसल्या आणि वाटभर टाळ्या वाजवत, माना हलवत राहिल्या.

"गाणं कुठलं म्हणताय?" त्याने आरशातून विचारलं.

"आम्ही कुठे म्हणतोय? गाडीच म्हणतेय की तुमची!" आणि तिघी एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. छिनही हसला. बायका आहेत, चेष्टा करायच्याच.

मग हौची टॅक्सी दुरुस्तीला गेली आणि तो छिनच्या शेजारी येऊन बसला. बसल्या बसल्या त्याने आपला पट्टा लावला. गाडी चढाला लागली तसे त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"बंद कर ना ते!"

"काय?"

"काय म्हणजे? डोकं फुटेल माझं. पट्टा लाव!"

"हौ, उगाच थट्टा नको. ती कधीच बंद पडली."

हौने त्याच्याकडे पाहिलं. चेहरा साधा, डोळ्यांत खोटेपणा नाही. हौचे हात कानांवरून हळूच खाली आले.

"दादा, गाडी बाजूला घे."

छिनने गाडी संत्र्यांच्या हातगाडीमागे उभी केली. इंजिन चालूच होतं. हौने हात लांबवून त्याचा पट्टा ओढला आणि खाचेत बसवला. खट्.

"आता थांबली," हौ म्हणाला. त्याने पट्टा सोडला. थोडा वेळ गेला. "आता पुन्हा सुरू झाली. वाजतेय. ऐक."

छिनने ऐकलं. इंजिनाची घरघर होती. हौचा घोगरा आवाज होता. संत्रीवाल्याचा भोंगा होता. बाकी काही नव्हतं. हौने नखाने समोरची काळी चिकटपट्टी खरवडून काढली. खाली लाल दिवा लुकलुकत होता, पाणी मागणाऱ्या माणसासारखा.

"कधीपासून रे?" हौने विचारलं.

छिनने पट्टा ओढला, खाचेत घातला आणि मित्राला घरी सोडलं.

त्या संध्याकाळी जेवताना सूछ्युंग बोलत होती. त्याने पहिल्यांदाच तिच्या ओठांकडे नीट पाहिलं. ओठ भरभर चालले होते, पूर्वीइतकेच. हात वारे करत होते. कपाळावरची शीरसुद्धा तीच. निवळली कुठे होती ती? काहीच बदललं नव्हतं. तिचा बारीक आवाज तेवढा, गाडीच्या आवाजाबरोबर, कधीतरी उतरून गेला होता.

"थांब," तो म्हणाला. "मला ऐकू येत नाही."

तिने चॉपस्टिक खाली ठेवल्या. मग वाकून, जाड आवाज काढून विचारलं, "काय ऐकू येत नाही?"

"बारीक आवाज. गाडीचा. आणि तुझा."

"किती दिवस?"

"उन्हाळ्याआधीपासून असेल."

"म्हणजे मी बोलत होते आणि तू मान डोलवत होतास, ते..."

"तू गोड बोलतेयस असं वाटायचं."

"आणि मला वाटत होतं तू सुधारलास! अरे, बहिणींना सांगितलं मी, फोन करकरून, की माझ्या नवऱ्याचे कान शेवटी मऊ झाले!" तिला हसू फुटलं, इतकं की भाताच्या वाटीवरून हात निसटला. हसता हसताच तिचे डोळे भरले, आणि ते लपवायला ती उगाच सूप वाढायला उठली. परत आली तेव्हा तिने त्याच्या वाटीत मासळीचा मऊ तुकडा, पोटाजवळचा, काटे काढून ठेवला.

छिनला मात्र दुसरीच धास्ती पडली. "मी कशाकशाला मान डोलवली?"

सूछ्युंगने बोटांवर मोजायला सुरुवात केली, जाड आवाजात, एकेक शब्द सुटा करून. न्हाणीघराला गुलाबी फरशी. सणाला तिची बहीण महिनाभर राहायला. आणि नदीकाठच्या जोडीनृत्यात दोघांची नावं.

"जोडीनृत्य? मी?"

"तू हसून हो म्हणालास. मी शेजारणींना दाखवलंसुद्धा तुझं हसणं."

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की वय आणि घाटातले ते ट्रक, दोघांनी मिळून वरचे सूर खाल्ले आहेत. कानामागे बसणारं यंत्र मिळालं. ते लावून छिन गाडीत बसला, चावी फिरवली, थोडा पुढे सरकला आणि किंचाळलाच. इतक्या वर्षांत ती टिणटिण एवढी धारदार कधी लागली नव्हती. जणू कोणी कानात खिळा ठोकत होतं. त्याने असा झडप घालून पट्टा लावला, की मागे बसलेल्या सूछ्युंगने टाळी वाजवली.

तेव्हापासून तो रोज पट्टा लावतो. "कानासाठी लावतो, जिवासाठी नाही," असं टपरीवर ठासून सांगतो, आणि हौ दर वेळी म्हणतो, "बरोबर आहे, दादा." घरी मात्र यंत्र कधी कानात असतं, कधी खिशात, आणि कुठे आहे ते सूछ्युंग आधी हाताने चाचपून बघते, मगच बोलायला सुरुवात करते.

गुलाबी फरशी बसली. बहीण येऊन, महिनाभर राहून, उरलेलं लोणचं घेऊन गेली. आणि रोज दिवेलागणीला नदीकाठच्या फरसबंद चौकात छिन बायकोचा हात धरून उभा राहतो, चुकीच्या पायाने सुरुवात करतो, शेजारच्या जोडीला धडकतो. पहिल्या आठवड्यात लोक त्यांच्यापासून लांब सरकून नाचायचे. आता थोडे कमी सरकतात.